सोल्डर केलेली ड्राइव्ह घ्यावी का? आधी बोर्ड मेल्यावर काय होतं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन लॅपटॉपमधून एक निवडायचा आहे. पहिला पातळ आणि हलका, पण त्याची ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी ड्राइव्ह, मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली. दुसरा थोडा जाड, प्रोसेसर आणि रॅम जवळपास तेच, ड्राइव्ह मात्र एम.२ नावाच्या खाचेत (स्लॉटमध्ये), म्हणजे काढता-घालता येणारी. मशीन सहा-सात वर्षं वापरायचं आहे, पीएचडीचं सगळं काम आणि घरचे फोटो त्यावरच राहणार आहेत. आणि तुम्ही विचारलंय की सोल्डर केलेली एसएसडी लवकर खराब होते का, आणि ती जास्त वेगवान असते असं म्हणतात ते खरं का.

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि का ते पुढे सांगतो. पण ही उत्तरं मिळूनही तुमचा निर्णय सुटणार नाही. तुम्हाला काळजी ड्राइव्ह किती वर्षं चालेल याची आहे. मी तुमच्या जागी असतो तर वेगळी काळजी केली असती: लॅपटॉपचा बाकीचा भाग ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी आतल्या कामापर्यंत पोचायला वाट राहील का? मी १८ वर्षं लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतोय आणि त्या ओघात डेटा काढून देण्याचं कामही करतो. मशीन गेलेली माणसं मशीनबद्दल फारसं बोलत नाहीत. 'बाकी काही नको, फाइली तेवढ्या मिळू द्या' हे मात्र जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो.

बंद पडलेला लॅपटॉप टेबलावर आला आणि दोष ड्राइव्हचा निघाला, असं माझ्याकडे तरी कमी वेळा होतं. कीबोर्डवर पाणी सांडलेलं असतं, चार्जिंगचा पोर्ट ढिला होऊन आत शॉर्ट झालेला असतो, नाहीतर वीजपुरवठ्याच्या सर्किटमधला टाचणीच्या डोक्याएवढा कपॅसिटर गेलेला असतो. मरतो तो बोर्ड. ड्राइव्ह त्या वेळी ठणठणीत असते. ती स्लॉटमध्ये असेल तर बोर्डाबरोबर तिला जावं लागत नाही. सोल्डर केलेली असेल तर बोर्डाचं जे होईल तेच तिचं होतं. तुमच्या दोन लॅपटॉपमधला खरा फरक हा आहे.

एकाच आठवड्यात आलेली दोन मशीनं सांगतो. दोन्हींवर पाणी सांडलेलं, दोन्ही पूर्ण बंद. पहिल्याचं मागचं झाकण उघडलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, ड्राइव्हच्या टोकाचा एकुलता एक स्क्रू काढला. स्क्रू निघाला की एम.२ कार्ड आपोआप तिरकं उभं राहतं. ते हलक्या हाताने ओढून घेतलं, यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीत, बसवलं आणि माझ्या संगणकाला जोडलं. २० मिनिटांत मालकाला स्वतःचे फोल्डर पडद्यावर दिसत होते. बोर्ड भंगारात गेला.

दुसऱ्याची ड्राइव्ह बोर्डावरच होती, आणि तिच्यातला डेटा बोर्डावरच्याच चिपमध्ये बंद असलेल्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे त्या किल्लीशिवाय वाचता न येणारा. अशा वेळी एकच रस्ता उरतो: तोच बोर्ड, तात्पुरता का होईना, जिवंत करायचा. अल्ट्रासॉनिक टाकीत धुतला, मायक्रोस्कोपखाली हिरवट गंज चढलेले पाय एकेक करून साफ केले. वीजपुरवठ्याची मुख्य लाइन शॉर्ट दाखवत होती. त्या लाइनवर बाहेरून अगदी कमी व्होल्टेज सोडलं आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं. जिथे शॉर्ट असतो तो भाग तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी उडून जातं, त्यावरून जागा कळते. असा एक कपॅसिटर सापडला. तो काढला तर पुढची लाइन अडली. तिच्यामागे आणखी एक. असे ११ दिवस गेले. १२व्या दिवशी मशीन बाहेरच्या मॉनिटरवर सुरू झालं आणि चार तास चाललं. तेवढ्या वेळात सगळा डेटा निघाला. त्यानंतर ते मशीन पुन्हा कधीही सुरू झालं नाही. त्या चार तासांत मी खुर्चीवरून उठलो नव्हतो. किल्ली ज्या चिपमध्ये असते ती चिपच पाण्याने गेली असती, तर मलाच काय, कुणालाही काही करता आलं नसतं.

आता 'सोल्डर केलेली' या एका शब्दात निदान दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांचं भवितव्य सारखं नाही. तुमच्या निवडीला याने फरक पडतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

स्वस्त, छोट्या लॅपटॉपमध्ये ईएमएमसी असतं. ही मोबाइलमधून आलेली जात: फ्लॅश मेमरी आणि तिच्यावरचं लिहिणं-वाचणं सांभाळणारा कंट्रोलर एकाच चिपमध्ये. तिची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे, आणि प्रत्यक्षात, विशेषतः लिहिताना, वेग त्याच्या बराच खाली राहतो. क्षमता बहुधा ३२, ६४ किंवा १२८ जीबी. विंडोज ११ची किमान अटच ६४ जीबीची आहे, म्हणजे ६४ जीबीचं मशीन पहिल्या दिवसापासून श्वास कोंडल्यासारखं चालतं. पहिला मोठा अपडेट आला की जागा संपते आणि मग लोक माझ्याकडे 'व्हायरस आलाय' म्हणून येतात. व्हायरस वगैरे काही नसतो, जागा नसते. डेटा वाचवण्याच्या दृष्टीने मात्र ईएमएमसी तितकी वाईट नाही. कंट्रोलर तिच्या पोटातच असल्याने चिप हॉट एअरने उचलून, खालचं सोल्डर साफ करून, वेगळ्या सॉकेटमध्ये वाचता येते. अर्थात डेटा एन्क्रिप्ट केलेला नसेल तरच.

दुसरी तऱ्हा अ‍ॅपलने रूढ केलेली. २०१५चं १२ इंची मॅकबुक आणि २०१६चे टच बारवाले मॅकबुक प्रो यांच्यापासून फ्लॅश बोर्डावर गेली. त्या २०१६ आणि २०१७च्या टच बारवाल्या बोर्डांवर डेटा बाहेर काढण्यासाठी एक खास कनेक्टर तरी ठेवलेला होता. २०१८च्या मॅकबुक प्रोमध्ये टी२ चिप आली आणि तो कनेक्टर गेला. एसएसडीच्या कंट्रोलरचं काम टी२कडे गेलं, आणि २०२०पासून ते एम१ या मुख्य प्रोसेसरच्याच पोटात. बोर्डावर उरल्या नुसत्या फ्लॅश चिपा. त्यांच्यावर लिहिलेलं सगळं त्या एका प्रोसेसरच्या किल्लीने बंद असतं, तुम्ही फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकमधली एन्क्रिप्शनची सोय, चालू केलेलं असो वा नसो. या चिपा उचलून दुसरीकडे वाचल्या तर हाती अर्थहीन आकडे येतात. इथे डेटा काढायचा म्हणजे बोर्ड चालू करायचा, वर सांगितला तसा.

याच रचनेतली आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एम मालिकेच्या मॅकची आतली फ्लॅश पूर्ण गेली तर बाहेरच्या ड्राइव्हवरूनसुद्धा मशीन सुरू होत नाही, कारण सुरू होण्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांचं सॉफ्टवेअर त्या आतल्या फ्लॅशवरच असतं. साध्या विंडोज लॅपटॉपमध्ये ते (त्याला यूईएफआय म्हणतात) बोर्डावरच्या वेगळ्या छोट्या चिपमध्ये असतं. त्यामुळे ईएमएमसी मेलेला लॅपटॉपसुद्धा यूएसबीवरून लिनक्स चालवून वापरता येतो. मी असे काही लॅपटॉप मुलांना शिकण्यासाठी तयार करून दिले आहेत, ते छान चालतात.

याच्या उलटही एक भ्रम आहे: ड्राइव्ह काढता येते म्हणजे डेटा सुरक्षित. २०२२चा मॅक स्टुडिओ आणि २०२४चा मॅक मिनी यांच्यात स्टोरेजचं मॉड्यूल स्लॉटमध्येच आहे. पण त्या मॉड्यूलवर कंट्रोलर नाही, ते बाजारातलं एम.२ कार्ड नाही, आणि दुसऱ्या संगणकाला जोडून त्यातून काहीही वाचता येत नाही. खराब झालं तर बदलता येईल, एवढाच त्याचा फायदा. दुरुस्तीच्या दृष्टीने तो मोठाच आहे, पण डेटाच्या दृष्टीने शून्य. लॅपटॉप घेताना म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारा: ड्राइव्ह बदलता येते का, आणि काढलेली ड्राइव्ह दुसरीकडे वाचता येते का.

वेगाचं आता पटकन उरकतो. सोल्डर केल्याने एसएसडी वेगवान होत नाही. साटा या जुन्या जोडणीची ड्राइव्ह सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडते. एम.२ स्लॉटमधली पीसीआयई ४.० या नव्या जोडणीची ड्राइव्ह ७,००० एमबीपर्यंत जाते, आणि ५.०च्या काही ड्राइव्ह १४,०००च्या घरात पोचल्या आहेत. हे सगळं कनेक्टरमधून, एका स्क्रूवर. रॅमच्या बाबतीत सोल्डरचा मुद्दा बराच खरा आहे. एलपीडीडीआर जातीच्या मेमरीला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं. तोच मुद्दा लोक ड्राइव्हलाही चिकटवतात, तिथे तो लागू पडत नाही. वेग ठरतो तो कंट्रोलर कोणता आणि फ्लॅशच्या चिपा किती यावर. २०२२च्या एम२ मॅकबुक एअरच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये एकच फ्लॅश चिप होती, आधीच्या एम१मध्ये दोन होत्या. नव्या मशीनची ड्राइव्ह जुन्यापेक्षा स्पष्टपणे हळू निघाली.

टिकण्याचं गणितही घाबरवणारं नाही. फ्लॅशच्या प्रत्येक पेशीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, म्हणून कंपन्या ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचा आकडा देतात. १ टीबीच्या चांगल्या ड्राइव्हसाठी ६०० टीबी हा सर्रास दिसणारा आकडा आहे. तुम्ही रोज ३० जीबी लिहिलंत, जे लेखन-वाचन-फोटो करणाऱ्यासाठी भरपूर झालं, तर वर्षाचे ११ टीबी होतात. म्हणजे ५० वर्षांहून जास्त. २५६ जीबीच्या ड्राइव्हला त्याच हिशेबाने १५० टीबी धरले तरी १३ वर्षं निघतात. चिप सोल्डर केलेली असो की कार्डावर असो, हे गणित तेच राहतं, कारण फ्लॅश तीच असते. तुमच्या सध्याच्या मशीनवर हे स्वतः बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्स आणि मॅकवर स्मार्टसीटीएल. त्यात 'पर्सेंटेज यूज्ड', म्हणजे किती टक्के आयुष्य वापरून झालं, अशी ओळ असते, तीन-चार वर्षं वापरलेल्या घरगुती मशीनवर तिथे बऱ्याचदा एक आकडीच संख्या दिसते.

इथे एक अट जोडतो. रॅम कमी असेल, म्हणजे आजच्या कामाला ८ जीबी अपुरी पडत असेल, तर मशीन रॅममधलं ओझं सतत ड्राइव्हवर उतरवत राहतं. त्याला स्वॅप म्हणतात. ड्राइव्ह छोटी, वर कायम ९० टक्के भरलेली, आणि त्यात स्वॅप चालू, असं एकत्र आलं की झीज बरीच वाढते. झीज सगळीकडे सारखी वाटून घ्यायला कंट्रोलरला मोकळी जागा लागते, तीच उरलेली नसते. अशी झिजलेली ड्राइव्ह स्लॉटमधली असेल तर बदलून अर्ध्या तासात काम होतं. सोल्डर केलेली असेल तर संपूर्ण बोर्डाचा प्रश्न उभा राहतो.

इथवरचा सार एवढाच की ईएमएमसी सोडली तर वेग आणि आयुष्य या बाबतीत दोन्ही सारख्याच, फरक पडतो तो बिघाडानंतर.

मात्र स्लॉटवाल्या लॅपटॉपची बाजू घेताना एक गोष्ट लपवणार नाही. हल्ली स्लॉटमधून काढलेली ड्राइव्हसुद्धा प्रत्येक वेळी उघडत नाही. विंडोज ११च्या अनेक मशीनवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मशीन नीट असेपर्यंत किल्ली बोर्डावरच्या टीपीएममधून, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या भागातून, परस्पर मिळते. ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मी एका बाईंची ड्राइव्ह अशीच एन्क्लोजरमध्ये लावली, निळा चौकोन आला, आणि त्या म्हणाल्या, 'मी तर कधी कुठलं कुलूप लावलं नाही हो.' त्यांनी खरंच लावलं नव्हतं. खात्यात लॉग-इन करून बघितलं तर की तिथे जपून ठेवलेली होती, म्हणून सुटलो. त्यांना खात्याचा पासवर्ड आठवला नसता तर ती ड्राइव्ह आणि सोल्डर केलेली ड्राइव्ह यांत काही फरक उरला नसता. नवा लॅपटॉप घेतलात की पहिल्याच दिवशी ही की कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

एन्क्रिप्शन बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच तुमचं रक्षण करतं. फक्त किल्ली तुमच्या हातात हवी.

मग कंपन्या सोल्डर का करतात? कारणं आहेत, आणि ती सगळी खोटी नाहीत. बोर्ड लहान होतो, वाचलेल्या जागेत बॅटरी वाढवता येते, जुळणी सोपी होते, एक कनेक्टर कमी होतो. कनेक्टर कमी होण्याचा फायदा मी स्वतः बघतो: लॅपटॉप पडला, आतला स्क्रू ढिला होऊन कार्ड किंचित सरकलं, आणि पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं आलं, अशी मशीनं येतच असतात. कार्ड काढून परत बसवलं की चालू. सोल्डर केलेल्यात हा त्रास होत नाही. शिवाय फ्लॅशची किल्ली प्रोसेसरमध्ये असली तर मशीन विकताना ती किल्ली पुसली की क्षणात सगळा डेटा निकामी होतो, तासन्‌तास पुसत बसावं लागत नाही.

जाडीचं कारण मात्र मला पूर्ण पटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ७मध्ये ड्राइव्ह सोल्डर केलेली होती, २०२१च्या प्रो ७ प्लसमध्ये ती मागच्या छोट्या झाकणाखाली आली, एका स्क्रूवर. त्याआधी २०१९चा सरफेस प्रो एक्स अवघा ७.३ मिमी जाड होता आणि त्यातही ड्राइव्ह काढता येत होती. दोन्हींत २२३० आकाराचं कार्ड आहे, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ३० मिमी लांब, टपालाच्या तिकिटाएवढं. टॅब्लेटमध्ये ते मावतं तर लॅपटॉपमध्ये मावायला हरकत नसावी.

दुरुस्तीला देतानाचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. स्क्रीन किंवा कीबोर्ड बदलायला लॅपटॉप द्यायचा असेल तर मी सांगतो, ड्राइव्ह काढून घरी ठेवा आणि मग मशीन द्या. कुणाच्या हातात तुमचे फोटो, कागदपत्रं, साठवलेले पासवर्ड जातच नाहीत. सोल्डर केलेल्यात हे शक्य नसतं, विश्वासावर मशीन द्यावं लागतं, किंवा आधी सगळं पुसून.

क्षमतेबद्दल. स्लॉट असला की चुकीचा अंदाज पुढे सुधारता येतो. सोल्डर असेल तर सहा वर्षांचा अंदाज आज बांधावा लागतो, आणि तो बांधायला माणसं जवळजवळ नेहमीच कमी पडतात. मी आजची भरलेली जागा विचारत नाही, गेल्या दोन वर्षांत किती वाढली ते विचारतो. दोन वर्षांत १०० जीबी वाढली असेल तर सहा वर्षांत ३०० वाढतील, फोटो-व्हिडिओ मोठे होत जातात म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. वर किमान १५-२० टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे. हा हिशेब केला की ५१२ जीबी तुम्हाला पुरणार नाही असं माझं मत आहे. 'बाहेरची ड्राइव्ह लावून घेईन' हा उपाय साठवणीसाठी चांगला, पण रोजचं चालू काम लोंबत्या केबलवर ठेवू नका. लिहीत असताना केबल निसटली आणि सगळी फाइल सिस्टिम गेली, अशी ड्राइव्ह दर काही महिन्यांनी माझ्याकडे येते.

आता निवड. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. रोज पाठीवर मशीन घेऊन हिंडणारा, सगळं काम सर्व्हरवर असणारा, तीन वर्षांनी मशीन बदलणारा आणि बॅकअपची सवय असलेला माणूस असेल तर सोल्डर केलेला पातळ लॅपटॉप त्याने बिनदिक्कत घ्यावा. हलकेपणाचा आनंद रोजचा असतो, बिघाड कदाचित कधीच येणार नाही. तुमचं तसं नाही. सहा-सात वर्षं, एकच मशीन, प्रबंध आणि फोटो दोन्ही त्यावर. मी जाड लॅपटॉप घेतला असता.

फक्त घेण्याआधी खात्री करा, कारण एकाच नावाखाली दोन प्रकार विकले जातात: एका प्रकारात एम.२ ड्राइव्ह, दुसऱ्यात ईएमएमसी. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात 'एम.२ २२८० एनव्हीएमई' (एनव्हीएमई म्हणजे पीसीआयईवर चालणारी वेगवान एसएसडी) असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ठीक. नुसतं '५१२ जीबी एसएसडी' लिहिलेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. अशा वेळी त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि ड्राइव्ह काढण्याच्या कृतीचं वेगळं प्रकरण त्यात आहे का बघा. प्रकरण असेल तर ड्राइव्ह निघते. 'रिकामा स्लॉटही आहे' या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मी असे बोर्ड पाहिले आहेत ज्यांच्यावर एम.२ची जागा छापलेली आहे, स्क्रूचं भोकही आहे, आणि कनेक्टर मात्र बसवलेलाच नाही. नंतर मोठं कार्ड घ्याल तेव्हा स्लॉटची लांबी बघा, २२३० की २२४२ की २२८०, आणि चिपा एकाच बाजूला असलेलं कार्ड निवडा. दोन्ही बाजूंना चिपा असलेलं कार्ड पातळ लॅपटॉपमध्ये कधी कधी खाली टेकतं.

वजनामुळे किंवा आणखी कशामुळे शेवटी पातळच घ्यायचा ठरला, तर दोन गोष्टी करा. ५१२ऐवजी १ टीबीचं मॉडेल घ्या, कारण ही संधी पुन्हा येणार नाही. आणि बॅकअप पहिल्याच दिवशी लावा, तोही आपोआप होणारा. आठवण ठेवून करायचा बॅकअप परीक्षेच्या आणि प्रबंध सादर करण्याच्या महिन्यात, म्हणजे नेमका नको तेव्हा, राहून जातो. क्लाउडशी सिंक असणं वेगळं आणि बॅकअप वेगळा. चुकून पुसलेली फाइल सिंकने तिकडूनही पुसली जाते. काही सेवा ती ठरावीक दिवस परत देतात, तेवढ्यावर सात वर्षांचं काम टांगून ठेवू नये. एक प्रत घरातल्या बाहेरच्या ड्राइव्हवर, एक दुसऱ्या ठिकाणी. कपाटात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या प्रतीसाठी मी फिरती हार्ड डिस्क वापरतो. फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू गळतो; जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं घरगुती एसएसडीसाठीचं मानक पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हकडून ३० अंश तापमानाला, वीज न देता, एका वर्षापुरतीच डेटा टिकण्याची अपेक्षा करतं. नवी ड्राइव्ह बरीच जास्त टिकते, तरी दीर्घ साठवणीसाठी मी तिच्यावर विसंबत नाही.

जाड लॅपटॉप घेतलात तरी बॅकअप लागतोच, कारण ड्राइव्ह स्वतःही कधीतरी जाते. एसएसडी जाते तेव्हा हार्ड डिस्कसारखी खरखरून सूचना देत नाही. काल होती आणि आज बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसतच नाही, असं होतं. बॅकअप लावून एक आठवडा झाला की प्रबंधाचं फोल्डर त्यातून दुसऱ्याच कुठल्या संगणकावर परत आणून बघा. नुसती नावं दिसतात का एवढ्यावर थांबू नका. सगळ्यात मोठी फाइल उघडा, शेवटच्या पानापर्यंत जा, आणि तुम्ही काल लिहिलेला परिच्छेद तिथे आहे का ते वाचून बघा.